मुलांसोबत विज्ञान केंद्राच्या मांडण्या बनवताना : ग्वाल्हेरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात मुलांच्या सोबतीनं आम्ही हाताळण्याजोग्या विज्ञानाच्या मांडण्या बनवतो. गणेशोत्सवात मंडपाच्या कडेला आम्ही त्या लावतो, तेव्हा पालक, शिक्षक आणि सोसायटीतली मंडळी थांबून विचारपूस करतात आणि पुढे फोनवरही तेच प्रश्न येत राहतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. साधे प्रश्न आधी आणि अवघड मागाहून असा क्रम ठेवला आहे. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. विज्ञान केंद्र म्हणजे संग्रहालय का? की शाळेची प्रयोगशाळा?

संग्रहालयात वस्तू काचेआड असते. शाळेच्या प्रयोगशाळेत प्रयोगाचं उत्तर बहुतेक वेळा आधीच वहीत उतरवलेलं असतं. विज्ञान केंद्रात वस्तू हात लावण्यासाठीच ठेवलेली असते आणि पुढे काय करून पाहायचं ते हात लावणाऱ्यानं ठरवायचं असतं. फ्रँक ओपेनहायमर या भौतिकशास्त्रज्ञानं १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत एक्स्प्लोरेटोरियम सुरू केलं आणि या पद्धतीला मोठं बळ मिळालं. आपल्याकडे कोलकात्याचं बिर्ला औद्योगिक आणि तांत्रिक संग्रहालय १९५९ चं आहे. १९७८ मध्ये राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद स्थापन झाली. मुंबईचं नेहरू विज्ञान केंद्र १९८५ मध्ये, दिल्लीचं राष्ट्रीय विज्ञान केंद्र १९९२ मध्ये आणि भोपाळचं आंचलिक विज्ञान केंद्र १९९५ मध्ये खुलं झालं. ग्वाल्हेरहून दिल्ली आणि भोपाळ दोन्हीकडे आगगाडीनं जाता येतं. मुलांना एकदा तरी न्या, आणि नेलंत तर सगळं दाखवायची घाई करू नका. चार मांडण्यांपाशी पोटभर वेळ दिला तरी फेरी वसूल झाली.

या पानावर मात्र आपण लहान प्रमाणावरच बोलतो आहोत. जुन्या वाड्यातल्या दोन खोल्या, शाळेचा व्हरांडा किंवा मंडपाचा कोपरा एवढी जागा पुरते.

२. मोठ्यांनी मांडण्या बनवल्या आणि मुलं त्यांच्याशी खेळली, तर काय बिघडलं? मुलांना बनवण्यात कशाला गुंतवायचं?

आमचा सगळा आग्रह इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

मोठ्या माणसाला उत्तर ठाऊक असतं, त्यामुळे तो उत्तराकडे नेणारी मांडणी करतो. लोहचुंबकाचं टेबल घ्या. मोठा माणूस लोखंड, तांबं, लाकूड आणि प्लॅस्टिक यांचे तुकडे ओळीनं ठेवतो आणि ‘चिकटतं की नाही ते पाहा’ अशी पाटी लावतो. मूल एकदा करतं, कळलं म्हणतं, निघून जातं. हेच टेबल मुलांनी मांडलं तेव्हा वेगळंच झालं. आपल्या तळहातातून चुंबक ओढतं का, आजीच्या बांगडीला का चिकटत नाही, स्वयंपाकघरातल्या एका स्टीलच्या डब्याला चिकटतं आणि दुसऱ्याला का नाही, असे प्रश्न निघाले. स्टीलचे डबे घरोघरून आले. काही स्टीलमध्ये निकेलचं प्रमाण असं असतं की ते चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही, हे त्या डब्यांच्या निमित्तानं कळलं. मोठ्यांच्या यादीत डबे नव्हतेच.

दुसरं कारण व्यवहाराचं आहे. दहा वर्षांच्या मुलाला दुसरं दहा वर्षांचं मूल कोणती दांडी उलटी ओढणार, कुठे बोट घालणार, कशाला कंटाळणार, हे आपल्यापेक्षा आधी कळतं. तिसरं म्हणजे जी वस्तू मुलांनी स्वतः बनवली आहे ती बिघडली की तीच मुलं पेचकस घेऊन येतात.

म्हणून आमच्याकडे प्रश्न निवडणं, पहिला कच्चा नमुना करणं, दुसऱ्या मुलांवर तो पारखणं, पाटी लिहिणं आणि मांडणी कधी काढायची ते ठरवणं ही पाच कामं मुलांची असतात. पैसे, वीज आणि सुरक्षितता यांवर मात्र शेवटचा शब्द मोठ्यांचाच.

३. कितवीची मुलं घ्यावीत? एका वेळी किती?

पाचवी ते नववी हा गट सगळ्यात चांगला जमतो. हत्यारं धरता येतात आणि ‘असं विचारलं तर हसतील का’ ही भीती अजून फार घट्ट झालेली नसते. त्याहून लहान मुलं बनवण्यात कमी आणि पारखण्यात फार उपयोगी पडतात. चार-चारच्या टोळ्या करा. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात, म्हणजे आपल्याच मध्य प्रदेशात १९७२ ला सोळा शाळांतून सुरू झालेल्या उपक्रमात, मुलं अशाच टोळ्यांनी प्रयोग करत. चारापेक्षा जास्त झाले की एखादं मूल नुसतं बघत राहतं. एका टोळीत वेगवेगळ्या शाळांची, वेगवेगळ्या इयत्तांची मुलं मिसळलीत तर उत्तम.

४. विषय कुठून आणायचे? पाठ्यपुस्तकातून घेतले तर चालतील का?

चालतील, पण ती शेवटची जागा समजा. आधी प्रश्नपेटी ठेवा. होशंगाबादच्या त्या कार्यक्रमात मुलं ‘सवालीराम’ नावाच्या काल्पनिक पात्राला पत्रं लिहीत आणि मनातलं काहीही विचारत. तसा एक डबा दाराशी ठेवलात, चिठ्ठीवर नाव लिहायची सक्ती केली नाहीत, तर विषयांची ददात पडत नाही.

आणि आपल्या गावाकडे बघा. ग्वाल्हेरएवढा विज्ञानाचा ऐवज फार थोड्या गावांच्या वाट्याला आला असेल. किल्ल्याच्या चढावर चतुर्भुज मंदिर आहे. तिथे विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इ.स. ८७६ चा शिलालेख आहे. देवाच्या फुलांसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद बाग दिल्याची आणि रोज ५० माळा द्यायच्या अशी नोंद त्यात आहे. २७० आणि ५० लिहिताना कोरलेलं ते छोटं वाटोळं शून्य बघायला जगभरातून माणसं येतात. आमची मुलं ते बघून आली तेव्हा पहिला प्रश्न शून्याचा आलाच नाही. ‘हात म्हणजे कोणाचा हात?’ असं एकीनं विचारलं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत प्रत्येकानं आपापला हात मोजला तर लहानांचा आणि मोठ्यांचा ताळमेळ लागेना. त्यातून मांडणी उभी राहिली ती अशी. एका हाताला एक सेंटिमीटर हे प्रमाण धरून २ मीटर ७० सेंटिमीटर बाय १ मीटर ८७ सेंटिमीटरची कापडी बाग जमिनीवर अंथरायची. बाजूला २, ७ आणि ० असे लाकडी अंक. शून्य उचललं की मुलांनीच बागेची कड दुमडत आणायची, २७ सेंटिमीटरपर्यंत. भली मोठी बाग एका पट्टीएवढी उरते. शून्याला किंमत नाही असं म्हणणाऱ्या मुलाला ते कापड दुमडायला लावा.

असे विषय आणखी आहेत. किल्ल्यावरच्या मानमंदिर महालातल्या भिंतींतल्या नळ्या, ज्यांतून एका दालनातून दुसऱ्या दालनात बोलत असं गाईड दाखवतात. जयविलास महालातली जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी. नॅरोगेजचे रूळ, ज्यांत अंतर फक्त ६१० मिलिमीटर, तर ब्रॉडगेजमध्ये १६७६. या प्रत्येकातून मुलांनी काही ना काही बनवलं आहे. नळ्यांची मांडणी सगळ्यात सोपी आहे. बागेला पाणी घालायचा पाईप आणि दोन फनेल एवढंच लागतं. पाईप ३४ मीटर घेतलात आणि एक टोक तोंडाशी, दुसरं कानाशी धरलंत तर आपलाच आवाज सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागाइतका उशिरा ऐकू येतो आणि बोलता बोलता जीभ अडखळते.

५. पहिल्या दिवशी काय करायचं?

काही बनवू नका, उघडा. बंद पडलेला पंखा, जुना रेडिओ, किल्लीचं घड्याळ, सायकलचा डायनॅमो. टीव्ही, मायक्रोवेव्ह आणि इन्व्हर्टर मात्र कधीही उघडायला देऊ नका, बंद करूनही त्यांच्या कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज साठून राहू शकते. पेचकस धरायची सवय होते, सुट्या भागांचा साठा होतो आणि एकमेकांशी ओळखही होते.

दुसऱ्या खेपेपासून पुठ्ठा. पहिला नमुना नेहमी पुठ्ठा, सेलोटेप, दोरा आणि रिकाम्या बाटल्यांचाच करा. प्लायवूड कापलं की मुलांना आणि आपल्यालाही त्याचा मोह पडतो आणि मग ते बदलवत नाही. पुठ्ठ्याचा नमुना अनोळखी मुलांसमोर ठेवा आणि बनवणाऱ्या टोळीला सांगा की तोंडातून एक शब्द काढायचा नाही. समोरच्या मुलानं पहिला हात कुठे लावला, काय उलटं केलं, केव्हा उठून गेलं, एवढंच टिपायचं. ‘अरे तसं नाही’ असं म्हणायची ऊर्मी दाबून बसणं मुलांना फार जड जातं, पण मांडणी तिथेच सुधारते.

६. एखादी मांडणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत कशी घडली ते सांगाल का?

पाईपांची सरगम सांगतो, कारण ती ग्वाल्हेरात घडणारच होती.

डिसेंबरातल्या तानसेन समारोहानंतर पेटीत चिठ्ठी आली : ‘बासरी लांब असली की आवाज जाड का येतो?’ टोळीनं पीव्हीसीचे पाईप घेतले, आतून साधारण ४ सेंटिमीटर रुंदीचे. एका टोकावर रबरी चपलेचा तळ थापला की पाईप घुमतो. लांबी निम्मी केली तर सूर सप्तकभर चढतो, हे मुलांनी वाचलं होतं. गुणोत्तरं घेऊन मापं काढली. सा ६० सेंटिमीटर, रे ५३.३, ग ४८, म ४५, प ४०, ध ३६, नी ३२ आणि वरचा सा ३०. कागदावर गणित सुरेख बसलं. पाईप कापले, कडा पॉलिश पेपरनं घासल्या, लाकडी चौकटीत बसवले.

टोळीतली एक मुलगी गाणं शिकते. तिनं दोन्ही सा वाजवले आणि म्हणाली, ‘वरचा उतरलाय.’ बाकीच्यांना कळेना. मोजपट्टी तर बरोबर ३० दाखवत होती. तंबोऱ्याशी लावून पाहिलं तर तिचंच खरं निघालं. कारण असं, की हवेचा स्तंभ पाईपच्या कडेशी संपत नाही. उघड्या तोंडाबाहेरही थोडी हवा सोबत हलते, साधारण व्यासाच्या तीन दशांश इतकी. ४ सेंटिमीटरच्या पाईपला हे सव्वा सेंटिमीटरच्या आसपास होतं. म्हणजे खरी लांबी ६१.२ आणि ३१.२, आणि ३१.२ काही ६१.२ च्या निम्मी नव्हे. वरचा सा अर्ध्या सेंटिमीटरहून जरा जास्त कापल्यावर सुरात बसला. मग ओळीनं सगळेच पाईप कानानं लावले.

आणखी एक गोष्ट त्यांना खेळता खेळता सापडली. चप्पल तोंडावर दाबून ठेवली तर खालचा सूर येतो, थापून लगेच उचलली तर वरच्या सप्तकातला. एक टोक बंद आणि दोन्ही उघडी यांतला हा फरक. त्याची पाटी मुलांनी मुद्दाम लावली नाही, येणाऱ्यानं शोधू दे म्हणून. मला ते फार पटलं. चौकटीशेजारी एक सुटा पाईप, करवत आणि पट्टी ठेवली आहे. मोठ्यांच्या देखरेखीखाली ज्याला हवा त्यानं स्वतःचा सूर कापावा.

७. मोठ्यांनी नेमकी किती मदत करायची?

हात लावायच्या आधी विचारा, ‘तू काय करून पाहिलंस?’ बहुतेक वेळा सांगता सांगता मुलालाच अडचण दिसते. ड्रिल, सोल्डरिंग आणि काच कापणं मोठ्यांचं. मोजणं, आखणं, करवतीनं मऊ लाकूड कापणं, जोडणं मुलांचं. मांडणी वाकडी दिसत असेल तर दिसू द्या. पाहुणे येणार म्हणून रात्री बसून मोठ्यांनी रंगरंगोटी करू नये, सकाळी मुलांना ते लगेच ओळखू येतं आणि त्यांचं मन खट्टू होतं.

८. खर्च किती येतो? साहित्य कुठून आणायचं?

बराचसा भंगारातून निघतो. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी करून दाखवली. त्यांची काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी जोडून होणारी मॉडेलं होशंगाबादच्या कामातूनच पुढे आली. ती सुरुवातीला हमखास करा. पैसे तीन गोष्टींवर खर्च करा : चांगली हत्यारं, चांगले नट-बोल्ट आणि टेबल. शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर सहावी ते बारावीच्या मुलांसाठी तिथे हत्यारं असतातच. मुख्याध्यापकांना भेटून सुटीच्या दिवशी ती उघडण्याची विनंती करा.

९. सुरक्षिततेचे किमान नियम कोणते?

घरच्या २३० व्होल्टच्या विजेशी मुलांचा संबंध येऊ द्यायचा नाही. साध्या दीड व्होल्टच्या सेलवर बहुतेक सगळं होतं. बटण सेल आणि छोटे ताकदवान निओडिमियम चुंबक आम्ही ठेवतच नाही. बटण सेल गिळला तर अन्ननलिका आतून भाजते, आणि दोन चुंबक गिळले तर ते आतड्याच्या दोन घड्या एकमेकींवर चिकटवून छिद्र पाडू शकतात. असं घडल्याची शंका जरी आली तरी वाट न बघता थेट इस्पितळ गाठा. लेझर नको, पारा नको, सूर्याकडे भिंगातून किंवा आरशातून पाहणं अजिबात नको. फिरत्या वस्तूजवळ केस बांधलेले, ओढणी खोचलेली. मुलांसोबत कायम किमान दोन मोठी माणसं, त्यातलं एक तरी मुलांच्या घरच्यांना ओळखणारं.

फोटोंचंही याच सदरात सांगतो. पालकांनी होकार दिल्याशिवाय मुलांचा चेहरा कुठेही टाकू नका आणि होकार असला तरी शाळेचं नाव सोबत देऊ नका.

१०. मांडण्या दोन दिवसांत मोडतात. काय करावं?

मोडणं ही माहिती आहे, ती वाया घालवू नका. कुठून तुटलं ते त्याच टोळीला पाहू द्या. सांध्यांना नुसता फेव्हिकॉल नको, नट-बोल्ट आणि वॉशर घाला म्हणजे सोडवून दुरुस्त करता येतं. दोऱ्याऐवजी नायलॉनची दोरी, पुठ्ठ्याच्या बिजागरीऐवजी लोखंडी.

टांगायचं काही असेल तर आधी भार देऊन पाहा. जयविलासच्या दरबार हॉलमधली प्रत्येकी साडेतीन टनांची झुंबरं टांगण्यापूर्वी छतावर हत्ती चढवून ते पारखलं होतं, असं सांगतात. मुलांना ही गोष्ट ठाऊक असतेच. आम्ही हत्तींच्या जागी पाण्याच्या एक लिटरच्या भरलेल्या बाटल्या वापरतो, एक बाटली म्हणजे जवळजवळ एक किलो. जे दोन किलोचं टांगायचं त्याच्या हुकाला आधी दहा बाटल्या लटकवून रात्रभर ठेवायच्या. एका झुंबराला अशा साडेतीन हजार बाटल्या लागतील हा हिशेब मुलांनीच काढला.

११. पाट्या मराठीत लिहाव्यात की हिंदीत? आणि किती लिहावं?

दोन्हींत. आपली बरीच मुलं घरी मराठी बोलतात पण शाळेत हिंदी किंवा इंग्रजीच वाचतात. लिपी एकच असल्यानं दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या की मूल हिंदीच्या आधारानं मराठी वाचायला लागतं, हे आम्ही रोज बघतो. मराठी ओळ आजी-आजोबांनाही मांडणीपाशी थांबवते.

पाटी शेवटी लिहा आणि थोडकी लिहा. काय करून पाहायचं त्याचं एक वाक्य, काय बघायचं त्याचं एक. उत्तर पाटीवर नको. हवं असेल त्यानं झाकण उचलून वाचावं. मजकूर मुलांचा असू द्या, शुद्धलेखन तेवढं तपासा.

१२. दिसत नसलेल्या किंवा चाकाच्या खुर्चीवरच्या मुलांसाठी काय करावं?

त्यांनाच टोळीत घ्या, बाकीचं आपोआप सुचतं. खुर्ची टेबलाखाली शिरायला सुमारे ७० सेंटिमीटर मोकळी उंची लागते. पायाशी आडवी फळी नको. दृष्टिहीन मुलांसाठी आवाज, वजन, थंड-गरम आणि कंप यांच्या मांडण्या थेट चालतात. पाईपांची सरगम (प्रश्न ६) आणि कापडी बाग (प्रश्न ४) या दोन्हींना डोळ्यांची गरज जवळजवळ पडत नाही. बागेच्या कडेला दर दहा हातांवर एक गाठ मारली की पुरे.

१३. येणाऱ्यांना समजावून सांगायला मुलं उभी करावीत का?

नक्की. एक्स्प्लोरेटोरियममध्ये सुरुवातीपासून शाळकरी वयाची मुलं हे काम करत आली आहेत. फक्त भाषण पाठ करून घेऊ नका. एकच सूचना द्या : पाहुण्याला आधी करू द्यायचं, मग त्याला काय दिसलं ते विचारायचं. लाजाळू मुलांना या कामाचा फार फायदा होतो, कारण बोलायला हातात वस्तू असते.

१४. स्पर्धेत पाठवायचं का? बक्षीस मिळालं तर मुलांना हुरूप येतो.

राष्ट्रीय बाल विज्ञान काँग्रेस १९९३ पासून आहे. तिथे १० ते १७ वयाची मुलं स्थानिक प्रश्नावर खरंखुरं काम घेऊन जातात. तशा ठिकाणी जरूर पाठवा. जिथे दुकानातून आणलेलं थर्माकोलचं मॉडेल आणि मुलांनी घासून-कापून केलेली वस्तू एकाच तराजूत तोलली जाते, तिथे मुलांना नेऊ नये असं मला मनापासून वाटतं. २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन त्याहून चांगला. गल्लीतल्या लोकांना बोलवा, परीक्षक नकोत.

१५. मुलानं विचारलं आणि आम्हालाच उत्तर येत नसेल तर?

‘मला माहीत नाही, कसं शोधायचं?’ असं म्हणा आणि प्रश्न फळ्यावर लिहा. करून पाहण्याजोगा असेल तर त्याचीच पुढची मांडणी होते. नसेल तर जाणकाराला फोन लावा, आणि फोनवर मुलालाच बोलू द्या. भौतिकशास्त्राची पदवी नाही म्हणून मागे राहणाऱ्या आयांना हे खास सांगणं : तुम्ही फार चांगलं करता.

१६. तानसेननं दीपक राग गायला आणि दिवे लागले. मुलं विचारतात, हे खरं का? काय सांगायचं?

हा प्रश्न ग्वाल्हेरात दरसाल येतो. उडवून लावू नका आणि हो म्हणून मोकळेही होऊ नका. ती दंतकथा आहे आणि गाण्याची थोरवी सांगण्यासाठी पिढ्यांनी ती जपली आहे, हे आदरानं सांगा. मग करून पाहा.

स्पीकरसमोर मेणबत्ती ठेवली तर ज्योत डोलते. बादलीच्या तळाला भोक पाडून तोंडावर प्लॅस्टिक ताणून बसवलं आणि त्यावर थाप मारली की हवेचं वलय निघतं आणि चार-पाच फुटांवरची मेणबत्ती विझते. आवाज आणि हवा यांनी दिवा विझवता येतो, पेटवायला मात्र उष्णता हवी. १०० डेसिबलचा आवाज, म्हणजे कान किटतील इतका, दर चौरस मीटरला एका वॅटचा शंभरावा भाग ऊर्जा आणतो. आपलं जूनमधलं दुपारचं ऊन आणतं सुमारे हजार वॅट. म्हणजे लाखपट. आणि त्या उन्हालाही कागद पेटवायला भिंग लागतं. आठवीच्या मुलांना हा हिशेब पुरतो. लहानांना मेणबत्तीच पुरते.

१७. मुलाची कल्पना विज्ञानाच्या दृष्टीनं चुकीची असेल तर ती बनवू द्यायची का?

पारखता येत असेल तर बनवू द्या. जड वस्तू आधी पडते असं म्हणणाऱ्याला पाण्यानं भरलेली आणि अर्धी भरलेली अशा दोन सारख्या बाटल्या गच्चीवरून रिकाम्या अंगणात टाकू द्या. तिथे वाद मिटतो.

कायम ठेवायच्या मांडणीचा नियम वेगळा आहे. तिथे चूक पक्की करणारी वस्तू ठेवायची नाही, मग ती कितीही सुबक असो. एका टोळीला ऋतूंची मांडणी करायची होती. दिवा म्हणजे सूर्य, पृथ्वी जवळ आणली की उन्हाळा. दिसायला पटण्यासारखं होतं. पण पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, जेव्हा ग्वाल्हेर धुक्यात कुडकुडत असतं. हे सांगितल्यावर टोळीनं स्वतःच दिवा जागच्या जागी ठेवला आणि पृथ्वीचा आस कलता केला.

सूर्यमालेच्या मॉडेलांतही हीच अडचण असते. सूर्य १४ सेंटिमीटरच्या चेंडूएवढा धरला तर पृथ्वी सव्वा मिलिमीटरची, म्हणजे मोहरीच्या दाण्याहून लहान, आणि १५ मीटर दूर. नेपच्यून साडेचारशे मीटरवर. टेबलावर हे मावतच नाही. चेंडू गावातल्या महाराज बाड्याच्या चौकात ठेवून मुलांबरोबर चालत जा.

१८. उन्हाळ्याच्या सुटीत कार्यशाळा ठेवली तर मुलं मोकळी असतात. तेव्हाच घ्यावी ना?

सकाळी सात ते दहा, घरात, माठ भरलेला ठेवून. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो आणि बाहेर ठेवलेलं लोखंड हाताला चटका देतं. उन्हावर चालणाऱ्या मांडण्यांना ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च बरे. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे दिवसचे दिवस सावलीच पडत नाही.

१९. एका टोळीनं केलेली मांडणी दुसरी टोळी बदलू पाहते. भांडणं होतात.

मांडणीच्या मागे एक वही लटकवा. कोणी काय केलं, कोणी काय बदललं, सगळ्यांची नावं त्यात. बदलण्याआधी जुन्या टोळीला विचारायचं आणि बदल जमला नाही तर पूर्ववत करून द्यायचं. चांदीच्या आगगाडीची आमची नक्कल अशीच सुधारली. महालातल्या गाडीवरची बाटली उचलली की गाडी थांबते म्हणतात. पहिल्या टोळीनं स्टीलच्या पेल्याखाली अॅल्युमिनियमच्या फॉइलच्या दोन पट्ट्या लावल्या. पेला दोन्हींवर टेकला की वीज वाहते, उचलला की तुटते. पण भरलेला पेलाच चाले, रिकामा नीट टेकेना. दुसऱ्या टोळीनं पट्ट्यांखाली स्पंजाचा तुकडा घातला आणि रिकाम्या पेल्यावरही गाडी धावली. वहीत दोन्ही टोळ्यांची नावं आहेत, भांडणही मिटलं.

२०. मांडणी कधी काढून टाकायची?

मुलं एकदाच करून निघून जायला लागली की. गर्दीवर जाऊ नका. तेच मूल काही दिवसांनी परत येऊन काही नवीन करून बघतं का, ते पाहा. निर्णय प्रश्न २ मध्ये म्हटल्याप्रमाणे मुलांचा. काढलेल्या मांडणीचे भाग साठ्यात जातात, वही मात्र जपून ठेवा.

२१. आमच्या मुरारच्या शाळेला तुमची एखादी मांडणी तयार मिळेल का?

तयार देत नाही, बनवायची रीत देतो. एक्स्प्लोरेटोरियमनंही आपल्या मांडण्यांच्या कृती छापून जगाला खुल्या केल्या, म्हणून इतक्या ठिकाणी त्या पोचल्या. आमच्या वहीची प्रत घ्या, त्यात मापं, सामानाची यादी आणि कुठे मोडतं तेही आहे. पाईपांच्या सरगमची मापं हवी असतील तर फक्त पहिल्या सा ची देऊ. बाकीचे तुमच्या मुलांनी गुणोत्तरानं काढावेत, मापापेक्षा दोन सेंटिमीटर लांबच ठेवून कापावेत, आणि मग कोणाला तरी तंबोरा किंवा पेटी घेऊन शेजारी बसवावं.